तीन वर्षांची लेक, गुडघेदुखीची आई आणि समुद्र: जर्मनीत कुठे जावं?

पाऊलवाट | १४ एप्रिल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही न्यूरेनबर्गला राहतो. मी, नवरा आणि लेक. तिला घरात चिऊ म्हणतो, जूनच्या सुरुवातीला तिला तीन वर्षं पूर्ण होतील. मे महिन्यात माझी आई येतेय, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. ती इथे असताना एक आठवडा समुद्रावर जावं असं मनात आहे.

आधी गेल्या वर्षीचं सांगते, म्हणजे मला काय नकोय ते कळेल. आठ दिवसांत चार शहरं केली होती. रोज सकाळी बॅगा भरायच्या, स्टेशन गाठायचं, दुपारी नव्या खोलीची किल्ली घ्यायची. चिऊ तेव्हा दोनचीही नव्हती. तिसऱ्या शहरात तिला ताप भरला. रात्री दोन वाजता मी कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले होते आणि नवरा उघडं असलेलं औषधाचं दुकान शोधत फिरत होता. घरी आल्यावर फोटो काढून बसलो, तर जवळजवळ प्रत्येक फोटोत ती बाबागाडीत झोपलेली, नाहीतर रडून लाल झालेली. ती सुट्टी आमची होती, तिची नव्हतीच. हे मला फार लागलं.

म्हणून यंदा ठरवलंय: एकच गाव, एकच घर, सात रात्री. घरातून समुद्र चालत जाण्याइतका जवळ. बघण्यासारखं काही नसलं तरी चालेल.

अडचण अशी की आम्ही दोघांनीही इथला समुद्र पाहिलेला नाही. नॉर्थ सीला जावं की बाल्टिकला, हेच कळत नाही. ऑफिसात विचारलं तर निम्मे लोक एक सांगतात, निम्मे दुसरं, आणि दोन्हीकडचे अगदी मनापासून सांगतात. चिऊने समुद्र कधीच पाहिलेला नाही. आईचे गुडघे दुखतात, वाळूत ती हळूहळू चालेल, पण खाली बसली की उठणं अवघड. गाडी नाही, ट्रेनने जाणार. बव्हेरियाच्या पेंटेकोस्टच्या सुट्ट्या संपल्या की लगेच, जूनच्या मध्यावर. चिऊ अजून किटात (इथल्या पाळणाघर-बालवाडीत) जाते, त्यामुळे शाळेच्या वेळापत्रकाचं बंधन नाही.

कोणी लहान मूल आणि वयस्क माणूस असं दोघांना एकत्र नेलं असेल तर जरूर लिहा.

---

दर्यापार | १४ एप्रिल

पाऊलवाट, धागा काढलात ते बरं केलंत. आम्ही हॅम्बुर्गला आहोत, इथून दोन्ही समुद्र जवळ, आणि दोन्हीकडे मुलं लहान असताना गेलोय. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: पहिल्या वेळी बाल्टिक.

कारण भरती-ओहोटी. नॉर्थ सीच्या जर्मन किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन ते चार मीटरचा फरक पडतो, आणि किनारा इतका सपाट की ओहोटीला पाणी दिसेनासं होतं. तुम्ही मुलीला बादली-फावडं घेऊन नेलंत आणि समोर नुसता चिखल, असं होऊ शकतं. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं असतात, म्हणजे भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. सोमवारी सकाळी दहाला भरती असेल तर शनिवारी ती दुपारी दोनच्या पुढे. तुमची लेक दुपारी झोपत असेल तर पाच दिवसांत समुद्राचं आणि तिचं वेळापत्रक जुळायचं बंद होतं. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. सकाळी पाहिलेलं पाणी संध्याकाळी तिथेच. तीन वर्षांच्या मुलाला याचा फार आधार वाटतो.

शिवाय बाल्टिकचं पाणी कमी खारट आहे, त्यामुळे डोळ्यांत गेलं तरी तेवढं झोंबत नाही. लाटा बहुतेक दिवस लहान. गार मात्र असेल, जूनच्या मध्यावर पंधरा-सोळा अंश धरून चला. मोठी माणसं घोट्यापर्यंत जाऊन परत फिरतात, मुलांना काही वाटत नाही.

न्यूरेनबर्गहून ट्रेनने म्हणजे बर्लिनला गाडी बदलून रोस्टॉक. तिथून वार्नेम्युंडे जवळ आहे, पण ते बंदराचं गाव, मोठाली जहाजं, गर्दी. मी असतो तर बाड डोबेरानला उतरून क्युलुंग्सबोर्नला गेलो असतो. कारण बाड डोबेरान ते क्युलुंग्सबोर्न वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी चालते. तिचं नाव मोली. १८८६ पासून धावतेय आणि बाड डोबेरानमध्ये चक्क दुकानांच्या अरुंद गल्लीतून घंटा वाजवत जाते. जेमतेम पाऊण तासाचा प्रवास. दिवसभराच्या प्रवासाने कंटाळलेलं मूल त्या गाडीत जागं होतं, हे मी माझ्या दोन्ही मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

सहा वर्षांखालच्या मुलांना डॉइचे बानमध्ये, म्हणजे जर्मन रेल्वेत, तिकीट लागत नाही, पण जागा मात्र आरक्षित करा. आयसीई या वेगवान गाड्यांमध्ये लहान मुलांसाठी वेगळा कंपार्टमेंट असतो, बुकिंग करताना 'क्लाइनकिंडआबटाइल' शोधा. लवकर भरतो.

---

ओहोटी | १५ एप्रिल

दर्यापार यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत. ओहोटीला 'नुसता चिखल' म्हणू नका हो. त्याला जर्मनमध्ये 'वाट' (Watt) म्हणतात, आणि हा पट्टा २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. लहान मुलासाठी यापेक्षा चांगलं अंगण नाही.

आम्ही ओल्डेनबुर्गला राहतो. माझा मुलगा अडीच वर्षांचा असल्यापासून दरवर्षी लांगेओगला जातो. बेटावर मोटारी नाहीत. बेन्झरझीलहून बोट, भरती-ओहोटीवर अवलंबून नसलेली, मग धक्क्यावरून रंगीबेरंगी डब्यांची छोटी गाडी गावात नेते. सामान आणि मुलं बोलरवागेनमध्ये, म्हणजे चार चाकांची हाताने ओढायची लाकडी गाडी. मूल हात सोडून पळालं तरी काळजाचा ठोका चुकत नाही, कारण रस्त्यावर बहुतेक सायकली आणि घोडागाड्याच. ज्याने मोठ्या शहरात दर दहा पावलांवर "थांब, गाडी!" म्हणून ओरडलंय त्याला विचारा, हे सुख काय असतं.

आणि ओहोटीला काठाकाठाने वाळू-चिखलात उतरलं की शेवयांसारख्या गुंतवळ्यांचे हजारो छोटे ढीग दिसतात. खाली अळी असते. ती वाळू खाते, त्यातलं पोषण घेते आणि उरलेली वाळू वर टाकते. माझा मुलगा दोन तास उकिडवा बसून एकाच ढिगाकडे बघत होता, नवा ढीग कधी येतो म्हणून. आला तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या.

एक मात्र निक्षून सांगते. लांबवर चालत जायचं असेल तर प्रमाणित वाटाड्याबरोबरच. पाणी परत येतं तेव्हा ते समोरून येत नाही. मागच्या घळी आधी भरतात आणि परतीची वाट बंद होते. लहान मूल असताना किनाऱ्यावरच्या, समुद्र अडवणाऱ्या बांधापासून हाकेच्या अंतरावरच राहायचं.

तो बांधही बघण्यासारखा. त्यावर मेंढ्या चरत असतात. गवत आखूड राहतं आणि खुरांनी माती दाबली जाऊन बांध घट्ट होतो, म्हणून मुद्दाम ठेवलेल्या. मुलांना मेंढ्या आवडतातच.

आईंच्या गुडघ्यांचा विचार करता मात्र बोट, गाडी, पुन्हा चालणं असे टप्पे जास्त होतील, हे मान्य. न्यूरेनबर्गहून एका दिवसात ओढाताण होईल.

---

पाऊलवाट | १५ एप्रिल

दोघांचेही किती आभार मानू! ओहोटी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो लगेच लांगेओगचे फोटो बघत बसला. पण आईचा विचार करता पहिल्यांदा बाल्टिकच बरं, असं आमचं झालंय. बेट पुढच्या वेळी.

आता पुढचा प्रश्न. आई दिवसभर किनाऱ्यावर बसेल कशी? घडीची खुर्ची ट्रेनने न्यायची का? वारा फार असतो म्हणतात. तिचे कान वाऱ्याने लगेच दुखतात.

---

बाराखडी | १६ एप्रिल

खुर्ची अजिबात नेऊ नका. तुमच्या आईंसाठीच जणू केलेली वस्तू तिथे आहे: श्ट्रांडकॉर्ब. वेताची, दोन माणसांना बसता येईल अशी, वर छत आणि तिन्ही बाजूंनी आडोसा. पाठ मागे कलते, पायांसाठी खालून फळ्या ओढून घेता येतात, बाजूला कप ठेवायला घडीचं छोटं टेबल. बैठक खुर्चीच्या उंचीची, त्यामुळे उठताना गुडघ्यांवर भार येत नाही. वाऱ्याकडे पाठ करून फिरवून घ्यायची, आत अगदी शांत.

तिची गोष्टही सांगावीशी वाटते. १८८२ मध्ये रोस्टॉकच्या विल्हेल्म बार्टेलमान या टोपल्या विणणाऱ्या कारागिराकडे एल्फ्रीडे फॉन माल्टझान नावाच्या बाई आल्या. संधिवाताने त्रस्त, तरी वार्नेम्युंडेच्या किनाऱ्यावर बसायची इच्छा. वाऱ्यापासून जपेल असं काही करून द्या म्हणाल्या, आणि त्याने हे आसन विणून दिलं. म्हणजे तुम्ही जिथे जाताय तिथून जवळच, सांधे दुखणाऱ्या एका बाईंसाठीच ते जन्मलं.

भाडं दिवसाला साधारण दहा-पंधरा युरो, आठवड्याचं घेतलं तर स्वस्त पडतं. प्रत्येकाला नंबर असतो, पुढे लाकडी जाळी आणि कुलूप, किल्ली तुमच्याकडे. बादल्या, टॉवेल रात्री आतच ठेवता येतात. किनाऱ्यावर उतरायच्या वाटेपासून जवळचं मागा, वाळूतलं चालणं वाचेल.

आता काळजीच्या गोष्टी, मूल लहान आहे म्हणून.

झेंडे शिकून घ्या. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर आहेत. त्याच्या जोडीला पिवळा लागला तर मुलांनी आणि कच्च्या पोहणाऱ्यांनी पाण्यात जायचं नाही. नुसता लाल म्हणजे कोणीच पाण्यात उतरायचं नाही. नारिंगी वाऱ्याची पिशवी फडकत असेल तर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय, तेव्हा हवा भरलेली कुठलीही वस्तू पाण्यात नेऊ नये. मूल त्यावर बसलं की डोळ्यांदेखत आत ओढलं जातं, आणि पाणी वरून अगदी शांत दिसत असतं.

दुसरं, अंबर. बाल्टिकच्या वाळूत लोक अंबराचे, म्हणजे दगडासारख्या झालेल्या प्राचीन राळेचे, पिवळसर खडे शोधतात, मुलांनाही नाद लागतो. पण दुसऱ्या महायुद्धातल्या आगलाव्या बाँबमधला पांढरा फॉस्फरस काही ठिकाणी अजून किनाऱ्याला लागतो आणि तो हुबेहूब अंबरासारखा दिसतो. उझेडोम बेटावर जास्त, कारण तिथल्या पेनेम्युंडेवर १९४३ मध्ये बाँबफेक झाली होती. ओला असेपर्यंत पेटत नाही, सुकला की खिशातल्या उबेनेही पेट घेतो. तुम्ही जाताय तिथे शक्यता कमी, पण सवय म्हणून सांगते: सापडलेला पिवळा खडा कधीही खिशात किंवा मुलाच्या मुठीत नाही. काचेच्या नाहीतर पत्र्याच्या डब्यात, अंगापासून दूर.

लाल-पिवळसर, लांब धाग्यांची जेलीफिश दिसली तर त्या दिवशी वाळूतच खेळा. चुकून लागलीच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, नळाच्या नको, चोळू नका. पारदर्शक, मध्ये चार गोल दिसणाऱ्या असतात त्या निरुपद्रवी.

आईंच्या प्रवासी विम्याचा कागद फोनमध्ये ठेवा. रात्री-अपरात्री डॉक्टर लागला आणि जिवावरचं नसेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

---

केवडा | १७ एप्रिल

थोडं विषयाशेजारचं लिहितेय, पण हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही म्हणून लिहितेच.

दुसऱ्या बाळानंतर माझी अवस्था वाईट होती. सात महिने सलग तीन तासांच्या वर झोप नाही, पाठ गेलेली, सतत रडू. मुलांच्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही मुटर-किंड-कुरसाठी अर्ज का करत नाही? मला तो शब्दच माहीत नव्हता. सरकारी आरोग्यविमा असलेल्या आईला किंवा वडिलांना डॉक्टरच्या शिफारशीवरून मुलांसकट तीन आठवडे खास उपचारकेंद्रात पाठवतात, त्यातली कितीतरी समुद्राकाठी आहेत. मोठ्या माणसाला दिवसाचे दहा युरो भरावे लागतात, मुलांचे काही नाही. नोकरीतली वार्षिक रजा त्यात कापली जात नाही. साधारण चार वर्षांतून एकदा.

ही सहल नाही. सकाळी व्यायाम, समुपदेशन, पाठीचे उपचार, तेवढा वेळ मुलांना सांभाळायला माणसं. पण दुपारी तीननंतर मी दोन्ही मुलांना घेऊन बाल्टिकच्या काठावर बसायचे. दहाव्या दिवशी लक्षात आलं की आपण अर्धा तास काहीच विचार केला नाही. ज्या आया हे वाचताहेत आणि थकल्या आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारावं. पहिला अर्ज नाकारला गेला तर हरकत नोंदवा. माझा दुसऱ्यांदा मंजूर झाला.

पाऊलवाट, तुम्हाला एक छोटी सूचना: जूनमध्ये तिथे सूर्य पावणेदहाला मावळतो, उजेड त्यानंतरही बराच वेळ राहतो. घर घेताना खिडकीला जाड पडदे आहेत का, ते विचारा. नाहीतर चिऊ साडेदहापर्यंत झोपायची नाही. आणि बुडेलहोजं घ्या, ती रबरी पँट, खांद्यावर पट्टे असलेली. ओल्या वाळूत बसली तरी कपडे कोरडे.

---

दर्यापार | १७ एप्रिल

केवडा यांनी पडद्याचं बरोबर सांगितलं. आणखी दोन. फेरीनवोनुंगच्या, म्हणजे सुट्टीसाठी घेतलेल्या घराच्या, भाड्यात शेवटची साफसफाई आणि चादरी-टॉवेल धरलेत का, ते नीट वाचा, बऱ्याचदा वेगळे पैसे असतात. आणि गावाचा कुअरटाक्स, म्हणजे पाहुण्यांवरचा कर, लागतो, मोठ्यांना माणशी रोजचे दोन-चार युरो, लहान मुलांना बहुतेक माफ. त्याचं कार्ड जवळ ठेवा, किनाऱ्यावर तपासतात. वाळूच्या टेकड्यांवर चढायचं नाही, आखलेल्या वाटेनेच जायचं. त्या गवतामुळे टेकड्या टिकतात आणि टेकड्यांमुळे किनारा.

---

पाऊलवाट | २ जुलै

मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, पण सविस्तर लिहायचं होतं.

क्युलुंग्सबोर्नलाच गेलो. किनाऱ्यापासून चार मिनिटांवर तळमजल्याचं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर. पडदे जाड. प्रवास लांब झाला, बर्लिनची गाडी उशिरा, रोस्टॉकला धावपळ. पण दर्यापार, मोलीचं तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं ठरलं. बाड डोबेरानला चिऊ माझ्या खांद्यावर डोकं टाकून मुसमुसत होती. इंजिनाने शिट्टी दिली तशी मान वर आली. गाडी त्या गल्लीत शिरली, दोन्ही बाजूंना दुकानांच्या खिडक्या हाताला लागतील इतक्या जवळ, घंटा चालूच. मग शेतं, हायलिगेनडामच्या जवळून जाणारा झाडांचा बोगदा. आई म्हणाली, "कोळशाचा वास किती वर्षांनी आला गं." तिचं लहानपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलंय. ती पाऊण तास खिडकीशीच होती.

आता ज्याची मी कल्पनाच केली नव्हती ते सांगते. चिऊ समुद्राला घाबरली.

पहिल्या सकाळी वाळूवर पाय टेकवला आणि उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. वाळू हलते, हे तिला सहन होईना. लाटेचा आवाज आला की दोन्ही कानांवर हात. नवऱ्याने उचलून पाण्याजवळ नेलं तर असा टाहो फोडला की आजूबाजूचे लोक बघायला लागले. दिवसभर ती श्ट्रांडकॉर्बमध्ये आजीच्या मांडीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला आतून फार वाईट वाटत होतं. हिच्यासाठीच तर आलो, आणि ही समुद्राकडे पाठ करून बसलीय. एवढ्या लांब आणून पुन्हा आपलीच सुट्टी झाली का, असं रात्री नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

आई काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने श्ट्रांडकॉर्बच्या पुढच्या फळीवर पाय ठेवून, वाकून, हाताने वाळू बाजूला सारायला सुरुवात केली. मला वाटलं काही पडलं असेल. पण ती अळं करत होती. रोपाभोवती करतात तसं, गोल, काठ थापून थापून उंच केलेलं. घरी तिची चाळीसएक कुंड्यांची बाग आहे, हात आपोआप तसेच फिरत होते. मध्ये तिने आइस्क्रीमची काडी खोचली. म्हणाली, "चिऊ, झाडाला पाणी हवं बघ. बाबाला सांग आणायला."

बाबाने बादली भरून आणली. चिऊने मांडीवरूनच ओतली. पाणी क्षणभर दिसलं आणि वाळूत जिरलं. "संपलं," चिऊ म्हणाली. "त्याला अजून तहान आहे," आजी म्हणाली.

दुसरी बादली. तिसरी. चौथ्या बादलीला चिऊ मांडीवरून घसरून खाली उतरली, अळ्याच्या काठावर बसली आणि पाणी जाताना खाली वाकून बघायला लागली, नाक जवळजवळ वाळूला. आपण वाळूवर आहोत हे तिच्या ध्यानातही नव्हतं. पाचव्या वेळी बाबा मुद्दाम हळू उठला, तर ही त्याच्या आधी बादली घेऊन निघाली. काठाजवळ थांबली, लाट आली तशी दोन पावलं मागे, लाट गेली तशी पुढे. बादली आडवी करून जेमतेम तळ भिजेल इतकं पाणी घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून परत, जीभ बाहेर काढून, एकही थेंब सांडू नये म्हणून.

पुढचे चार दिवस आम्ही हेच केलं. समुद्रापासून अळ्यापर्यंत तीस पावलं. सकाळी जाऊन आधी अळं बघायचं, रात्री वाऱ्याने बुजलेलं असायचं, आजीने नवं करायचं, मग पाणी. मला आधी वाटलं होतं तिला लाटांमध्ये खेळवू, शिंपले गोळा करू, किल्ला बांधू. तिने यातलं काही केलं नाही. तिचा समुद्र म्हणजे ती तीस पावलं. शेवटच्या दिवशी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहून बादली भरत होती आणि लाट अंगावर आली तर रागावून म्हणत होती, "थांब ना, माझी बादली भरू दे!"

बाराखडी, आईला मी तुम्ही लिहिलेली १८८२ ची गोष्ट सांगितली. तिने श्ट्रांडकॉर्बच्या वेतावरून हात फिरवून पाहिला, विणीची टोकं कुठे दडवलीत ते शोधलं. मग म्हणाली, "त्या बाईंनी मागितलं म्हणून मिळालं. नाहीतर घरीच बसल्या असत्या." संपूर्ण आठवड्यात तिचे कान दुखले नाहीत. एक दिवस नुसता लाल झेंडा होता आणि वारा सोसाट्याचा, तेव्हाही ती आत शाल पांघरून बसून होती. आम्ही तिघं घरी जाऊ म्हणत होतो, ती उठेना.

केवडा, तुमचा प्रतिसाद मी माझ्या एका मैत्रिणीला पाठवला. तिने डॉक्टरची वेळ घेतलीय. बुडेलहोजंबद्दल तर रोज तुमची आठवण काढली.

अंबर शोधलं नाही. एक पिवळा खडा दिसला होता, चिऊने उचलायच्या आत मी पाय ठेवला. कदाचित साधा दगडच असेल. पण मनाला बरं वाटलं.

बाकी काहीही पाहिलं नाही. सीमेवर पहारा ठेवायला पूर्व जर्मनीने बांधलेला बुरूज तिथे किनाऱ्यालाच उभा आहे, त्याच्या समोरून रोज जायचो. नवऱ्याने एकदा त्यावरची माहिती वाचून दाखवली. ज्या किनाऱ्यावरून लोकांनी पळून जाऊ नये म्हणून रात्रभर प्रकाशझोत फिरायचे, तिथे आता मुलं बादल्या घेऊन पळताहेत, हे आईच्या मनात राहिलं. संध्याकाळी वरण-भात खाताना तिने पुन्हा तो विषय काढला होता.

आई येत्या महिन्यात परत जाईल. सप्टेंबरमध्ये आम्हा तिघांची एक आठवड्याची रजा आहे, शाळा सुरू झाल्यावर. ओहोटी, नवरा अजून लांगेओगचे फोटो बघतोय. बोलरवागेन आधी बुक करावी लागते की तिथे गेल्यावर मिळते?

---

ओहोटी | ३ जुलै

वाचताना डोळे भरून आले. आईंना माझा नमस्कार सांगा.

बोलरवागेन बऱ्याच घरांच्या भाड्यातच असते, घरमालकांना आधी विचारा. नसेल तर गावात सायकलच्या दुकानात भाड्याने मिळते, सप्टेंबरमध्ये अडचण येत नाही. भरती-ओहोटीचं त्या आठवड्याचं वेळापत्रक आधीच बघून ठेवा आणि चिऊला सांगून ठेवा की तिथला समुद्र दिवसातून दोनदा बाहेर जातो आणि परत येतो. बादली मोठी घ्या, ओहोटीला तीस पावलांची तीनशे होतील.